रेशमाच्या बाबतीत 'स्क्रूप' म्हणजे नेमकं काय? अर्थ आणि मूळ हवंय

धागादोरा:

नमस्कार मंडळी, मी सध्या हातमाग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी काही इंग्रजी नोट्स मराठीत करतेय, सूत, ताणा-बाणा, रंगाई असं सगळं आहे त्यात, आणि आत्तापर्यंत गाडी बरी चालली होती पण रेशमाच्या प्रकरणात एका शब्दाशी येऊन अडलेय. शब्द आहे 'स्क्रूप'. वाक्य साधारण असं आहे की गोंद काढलेल्या रेशमाला सौम्य ॲसिडमधून काढलं की त्याला छान स्क्रूप येतो. आता डिक्शनरीत बघितलं तर पहिला अर्थ दिलाय करकरणे, दार कुरकुरणे, बिजागरीचा आवाज वगैरे, आणि पुढे 'बोलीभाषेतला शब्द' अशी खूण. दाराच्या बिजागरीचा आवाज रेशमाला का हवाय कोणाला? आपण तर दार वाजलं की तेल घालतो.

तर प्रश्न असे की हा शब्द आला कुठून, स्क्रू किंवा स्क्रेप या शब्दांशी त्याचं नातं आहे का, रेशमाचा हा आवाज म्हणजे आपली पैठणीची सळसळ का वेगळं काही, आणि शेवटचं म्हणजे रंगारी किंवा विणकर मंडळी मराठीत याला काय म्हणतात? मला नुसता कोशातला प्रतिशब्द नकोय, मुलांच्या हातात रेशमी धाग्यांची लड दिली तर 'हे ऐक, हा तो आवाज' असं सांगता आलं पाहिजे.

शब्दखुणा:

मुळापासून सुरुवात करते. 'स्क्रूप' हा ध्वनीवरून घडलेला शब्द आहे, म्हणजे आपल्याकडे कुरकुर, किणकिण, खडखड जसे झाले तसाच. त्याला लॅटिन-ग्रीक असं कुठलं कूळ नाही, आवाज ऐकला आणि तोंडाने तसाच काढला. इंग्रजीत तो १८ व्या शतकाच्या शेवटी लिहिलेला सापडतो आणि तेव्हापासून कोशकार त्याला बोलीतला शब्द म्हणतात, म्हणजे लंडनच्या पुस्तकी इंग्रजीतला नाही, खेड्यापाड्यातला, गाडीचं चाक, फाटक, जुनी खुर्ची असल्या गोष्टींसाठी वापरायचा. रेशमाचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

स्क्रूशी काही संबंध नाही. स्क्रू जुन्या फ्रेंचमधून आलाय, तिथे तो नट-बोल्टमधल्या नटासाठीचा शब्द होता. स्क्रेपचं घराणं जर्मानिक आहे, जुन्या नॉर्समधे 'स्क्रापा' होतं. पण एक नातं आहे आणि ते रक्ताचं नसून सोबतीचं आहे असं म्हणू. इंग्रजीत 'स्क्र' ने सुरू होणारे शब्द बघा, स्क्रेप, स्क्रॅच, स्क्रीच, स्क्रीम, स्क्रब, स्क्रॉल नको तो वेगळा, पण बाकी सगळ्यांत काहीतरी घासतंय किंवा कानाला टोचतंय. या शब्दांची मुळं वेगवेगळी आहेत तरी ते एकमेकांच्या शेजारी राहून एकमेकांसारखे झालेत, आणि नवा शब्द बनवणारा माणूस नकळत त्याच आळीत घर बांधतो. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९३० मधे अशा ध्वनिगुच्छांना 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. हा माणूस त्याआधी कितीतरी वर्षं लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. मला नेहमी वाटतं की आपल्या भाषांमधल्या झुळझुळ, खळखळ, फडफड अशा शब्दांचा ढीग कानावर पडल्याशिवाय तो राहिला नसणार, हे माझं आपलं वाटणं.

आता अर्थ. इंग्रजीत करकरण्याला बरेच शब्द आहेत आणि ते एकाऐवजी एक चालत नाहीत. स्क्वीक म्हणजे बारीक, उंच, उंदराचा किंवा नव्या बुटाचा. क्रीक म्हणजे लाकडाचा, सावकाश, जिन्यावर पाय पडल्यावर येतो तो. स्क्रीच म्हणजे ब्रेक लावल्यावरचा, दात आंबवणारा. आणि स्क्रूप म्हणजे कोरडा, खालच्या पट्टीतला, दाबल्यावर येणारा. त्यातला 'ऊ' मुद्दाम लक्षात घ्या. स्वर बदलला की आवाजाची उंची बदलते हे आपल्याकडेही आहे की, किरकिर, करकर, कुरकुर हे तिन्ही एकापाठोपाठ म्हणून बघा. किरकिर सगळ्यात बारीक आणि वैताग आणणारी, करकर मोठी आणि मोकळी, कुरकुर दबलेली. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सापिर यांनी १९२९ मधे लोकांना 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द दिले आणि विचारलं यातलं मोठं टेबल कुठलं, बहुतेकांनी 'माल' म्हणून सांगितलं. म्हणजे कानाला हे आपोआप कळतं, कोणी शिकवावं लागत नाही. त्या हिशोबाने स्क्रूप हा आपल्या कुरकुरच्या जवळचा आहे, किरकिरच्या नाही आणि सळसळीच्या तर अजिबात नाही.

रेशमाचं तांत्रिक मला येत नाही, ते इथल्या रंगाईवाल्यांनी सांगावं.

रंगसाळ:

शब्दखुणा यांनी छान लिहिलंय. मी प्रोसेसिंगमधे आहे, सुती जास्त पण रेशीमही बरंच हाताळलंय, म्हणून सविस्तर लिहितो कारण या गोष्टीबद्दल फार गैरसमज आहेत.

आधी रेशीम काय असतं ते बघू. तुतीच्या किड्याने काढलेल्या एका धाग्यात खरं तर दोन तंतू असतात, फायब्रोइन नावाच्या प्रथिनाचे, आणि त्यांना एकत्र चिकटवून ठेवणारा गोंद असतो त्याला सेरिसिन म्हणतात. कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण पाव भाग हा गोंदच असतो. म्हणून कच्चं रेशीम हाताला राठ लागतं, चमक नसते, रंगही धड बसत नाही. मग ते साबणाच्या पाण्यात, कधी थोडा सोडा घालून, उकळीच्या जरा खाली ठेवून तास-दीड तास शिजवतात, गोंद विरघळून जातो आणि वजन चांगलंच उतरतं. हे झालं डीगमिंग. आता हातात येतं ते मऊ, पांढरं, चमकदार रेशीम, आणि ऐका, याला स्क्रूप नसतो. एकदम मुलायम, गप्प. साबणातून नुकतं काढलेलं रेशीम दाबलं तर काहीही आवाज येत नाही.

स्क्रूप येतो त्याच्या पुढच्या पायरीला. रेशमाची लड पाण्यात थोडं ॲसेटिक किंवा टार्टरिक ॲसिड घालून त्यात बुडवतात आणि मग पुन्हा न धुता तशीच पिळून वाळवतात. ॲसेटिक म्हणजे व्हिनेगरमधलं, टार्टरिक म्हणजे चिंचेतलं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. वाळली की लड मुठीत धरून दाबा किंवा कानाजवळ नेऊन पिळा, कुर्र असा कोरडा आवाज येतो आणि हातालाही तो जाणवतो, म्हणजे तंतू एकमेकांवरून गुळगुळीत घसरत नाहीत तर अडत अडत सरकतात. तो स्क्रूप. मला वाटतं धागाकर्तीने हे लक्षात घ्यावं की इंडस्ट्रीत हा शब्द आवाजासाठी जितका वापरतात तितकाच हाताच्या स्पर्शासाठी वापरतात. फिनिशिंगचा, म्हणजे मालाला शेवटचा हात देणारा, एखादा जुना मास्तर 'स्क्रूप कमी आहे' म्हणतो तेव्हा त्याने कान लावलेला नसतो, त्याने फक्त मूठ दाबलेली असते.

सगळ्यात महत्त्वाचं, हा गुण रेशमाचा जन्मजात नाही. तो दिलेला असतो आणि काढूनही घेता येतो. त्याच लडीला परत साबणाच्या पाण्यात घाला, स्क्रूप गेला. ॲसिडमधून काढा, परत आला. रेशमावर ॲसिड डाय वापरले तर रंगाच्या भांड्यात ॲसिड असतंच, म्हणून पुष्कळदा वेगळं काही न करता रंगवलेल्या रेशमाला तो आपोआप मिळतो आणि लोकांना वाटतं रेशमाचाच आवाज आहे.

कर्रकर्र:

कोल्हापूरकडचा असल्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय. धागाकर्ती ताईंनी विचारलंय की करकर आवाज कोणाला हवाय. आमच्याकडे यावं! आमच्या भागात चप्पल करून घेताना त्यात 'विंचू' (खरा नव्हे, आवाज करणारा भाग) घालायला सांगतात, तो तळाच्या थरांत बसवला की चालताना कर्र कर्र असा आवाज येतो, आणि तो आवाज चांगला घुमला तरच कारागिराचं नाव निघतं. माणूस कोपऱ्यावर असतानाच घरात कळतं कोण आलंय. म्हणजे चामडं आपोआप करकरतं ते वेगळं आणि मुद्दाम करकर आणतात ते वेगळं, रंगसाळ साहेबांनी रेशमाचं सांगितलं ते मला अगदी तसंच वाटलं, कारागिराने घातलेला आवाज.

धागादोरा:

@शब्दखुणा @रंगसाळ खूप खूप आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. किरकिर करकर कुरकुर हे तर मी मुलांना सांगणारच. एक शंका, मग अडत अडत सरकतात म्हणजे नेमकं काय होतं? ॲसिडने तंतू खरखरीत होतात का? आणि सळसळ वेगळी असं शब्दखुणा म्हणतायत, पण रेशमी साडीला सळसळच म्हणतो ना आपण सगळे?

घर्षण:

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून पहिल्या शंकेला उत्तर देतो. दार, बूट, व्हायोलिन, फळ्यावरचा खडू, रेशीम या सगळ्यांच्या आवाजामागे एकच गोष्ट आहे, इंग्रजीत तिला स्टिक-स्लिप म्हणतात, आपण अडक-घसर म्हणू. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून स्थिर असतात तेव्हा त्यांना हलवायला जे बळ लागतं ते हलत असताना लागणाऱ्या बळापेक्षा जास्त असतं. म्हणजे स्थितिक घर्षण जास्त आणि गतिक घर्षण कमी, हे आपण नववी-दहावीत शिकतो पण याचा आवाजाशी संबंध कोणी सांगत नाही. तुम्ही ढकलता, पृष्ठभाग अडून बसतो, ताण वाढत जातो, मग एकदम सुटतो आणि घसरतो, घसरल्यामुळे ताण कमी झाला की परत अडतो. हे सेकंदाला शेकडो हजारो वेळा झालं की कानाला सूर ऐकू येतो. दोन घर्षणांतला फरक जितका मोठा तितका आवाज नक्की. बिजागरीला तेल घातलं की हा फरकच संपतो म्हणून दार गप्प होतं, आणि व्हायोलिनवाला उलटं करतो, गजाच्या केसांना राळ घासतो कारण त्याला तो फरक वाढवायचा असतो. राळ न लावलेला गज तारेवरून नुसता सरकतो, सूर निघत नाही.

आता रेशीम. साबणातून काढलेल्या तंतूवर साबणाचा अगदी पातळ थर राहतो, तो वंगणाचं काम करतो. ॲसिडने तो थर मोडतो, तंतूचा वरचा भाग किंचित ताठ होतो आणि तंतू एकमेकांना धरायला लागतात. खरखरीत हा शब्द मी वापरणार नाही, कारण रेशमाचा तंतू फार गुळगुळीत असतो, आडवा कापला तर तुतीच्या रेशमाचा छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा दिसतो आणि त्याची चमक त्यातूनच येते. खरखरीतपणा असता तर चमक गेली असती. चमक तशीच राहते आणि तरी आवाज येतो यातच स्क्रूपची खरी गंमत आहे, ती मला फार आवडते.

मुलांना घरी करून दाखवायचं असेल तर कॉर्नफ्लोअरचं पुडकं बोटांनी दाबायला सांगा, अगदी असाच कुरकुरीत आवाज आणि स्पर्श येतो. थंड प्रदेशातल्या लोकांना कडक थंडीतला भुसभुशीत बर्फ बुटाखाली असाच वाजतो हे माहीत असतं.

एक अवांतर सांगून थांबतो. शुद्ध कथिलाची कांडी वाकवली तर तीसुद्धा करकरते, त्याला 'टिन क्राय' म्हणतात, कथिलाचं रडणं. पण ते घर्षण नाही, आतले स्फटिक झटक्याने दिशा बदलतात त्याचा आवाज आहे. म्हणजे ऐकायला सारखे वाटणारे आवाज आतून अगदी वेगळे असू शकतात.

शब्दखुणा:

सळसळीबद्दल. आपण सळसळ पिंपळाच्या पानांना म्हणतो, साप गेला तरी सळसळ, साडी नेसून बाई चालत गेली की सळसळ. या सगळ्यांत काहीतरी पुढे जातंय, हलकं आहे आणि मोकळं आहे. इंग्रजीत त्याला रसल आहे आणि फ्रेंचांनी तर खास रेशमी घागऱ्याच्या आवाजासाठी 'फ्रूफ्रू' असा शब्द केलाय, तोही ध्वनीवरूनच. स्क्रूपला मात्र दाब लागतो. साडी अंगावर असताना ऐकू येते ती सळसळ, घडी हातात धरून दाबली की येतो तो स्क्रूप. एकाच कापडाला दोन्ही असू शकतात, टाफेटा नावाच्या कडकसर रेशमी कापडाला तर दोन्ही भरपूर असतात. (टाफेटा हा शब्द फारसी 'ताफ्ता' वरून, विणलेलं-पिळलेलं, तो पूर्वेकडूनच युरोपात गेला.)

माहेर_येवला:

मी येवल्याची, माहेरी माग होते, आता पुण्यात असते. धागाकर्तीने विणकर काय म्हणतात विचारलंय म्हणून लिहिते. आमच्या घरात याला असा एक ठराविक शब्द नव्हता, 'रेशीम वाजतंय' एवढंच म्हणायचे, किंवा नाही वाजलं तर 'मेलेलं आहे' म्हणायचे. लडी यायच्या त्या बंगळूरकडच्या रेशमाच्या, रंगवून आल्या की आजोबा एकेक लड दोन्ही हातात ताणून एक पीळ द्यायचे आणि ऐकायचे, आम्ही पोरं पण करायचो, आणि जी वाजायची नाही ती बाजूला ठेवायचे, रंगाऱ्याला विचारायचे काय केलं म्हणून. पैठणी घ्यायला येणाऱ्या बायका पण पदराचं टोक मुठीत घेऊन दाबायच्या, आणि अजूनही घेतात, त्यांना कुठला शब्द माहीत नसतो पण हाताला माहीत असतं. माझी आजी म्हणायची वाजलं तरच खरं रेशीम. तर माझ्या मते मराठीत 'रेशमाचं वाजणं' लिहा, कळतं सगळ्यांना.

आणि हो देवघरातलं सोवळं, जुना मुकटा, तो इतका वापरून वापरून धुवून मऊ झालेला असतो की अजिबात वाजत नाही, तेव्हा ते पण खरंच आहे की साबणाने जातो आवाज.

रंगसाळ:

@माहेर_येवला तुमच्या आजोबांनी लड पिळून ऐकणं हे अगदी बरोबर, फिनिशिंगमधे आजही हीच पद्धत आहे, यंत्र लागत नाही. पण आजींच्या वाक्याबद्दल मला इथे ठामपणे लिहावंसं वाटतं, कारण आज याच वाक्यावर गिऱ्हाईक फसतं. वाजतं म्हणजे खरं रेशीम असं नाही.

कारण बघा. मर्सराइझ केलेलं सूत, म्हणजे कॉस्टिक सोड्यातून ताणून काढलेलं चमकदार सूत, त्याला आधी साबणातून आणि मग सौम्य ॲसिडमधून काढलं तर सुताच्या धाग्यावर साबणातल्या फॅटी ॲसिडचा पातळ थर बसतो आणि ते सूत अगदी रेशमासारखं कुरकुरतं. ही युक्ती आजची नाही, मर्सराइझ सूत बाजारात आलं त्या काळापासून रेशमाची नक्कल करायला गिरण्या हे करत आल्यात. व्हिस्कोसवरही, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम धाग्यावरही, असा फिनिश देता येतो. आणि उलट बाजूने अस्सल तुतीचं रेशीम सॉफ्टनरमधून काढलं तर ते गप्प बसेल. म्हणजे आवाज फिनिश सांगतो, धागा सांगत नाही. आजींच्या काळात बाजारात भेसळ कमी होती आणि येवल्याच्या मागावर येणारं रेशीम घरच्यांनी लडीपासून पाहिलेलं असायचं, तेव्हा त्यांची कसोटी त्यांच्या कामाला पुरेशी होती.

खरं-खोटं बघायचं तर कडेचे दोन-चार धागे काढून जाळून बघा, ताण्याचे वेगळे आणि बाण्याचे वेगळे, कारण पुष्कळदा एकच बाजू रेशमाची असते. रेशीम सावकाश जळतं, ज्योत बाजूला केली की बहुधा विझतं, केस जळल्याचा वास येतो आणि राख काळी, चिमटीत चुरा होणारी असते. सूत आणि व्हिस्कोस भराभर जळतात, कागद जळल्याचा वास. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, तो चिमटीत फुटत नाही. दुकानात तुम्हाला जाळायला कोण देणार, म्हणून सिल्क मार्कचं लेबल बघा, केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून ते आहे. 'आर्ट सिल्क' लिहिलं असेल तर ते आर्टिफिशियलचं आखूड रूप आहे, कलेशी काही संबंध नाही.

जुनी_ट्रंक:

मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते, एक मुद्दा राहिलाय तो घालते. १९ व्या शतकाच्या शेवटी युरोपात आणि अमेरिकेत रेशमी टाफेटाचे झगे, त्यातही आतले पेटीकोट, आवाज करणारे हवे असायचे. बाई खोलीत येतेय हे तिच्या घागऱ्याने आधी सांगायचं, म्हणजे कर्रकर्र यांच्या चपलेचंच काम. त्याच काळात आणखी एक प्रकार फार वाढला, तो म्हणजे रेशमाला वजन देणं. वर रंगसाळ यांनी लिहिलंय की गोंद काढताना पाव वजन जातं. रेशीम तर वजनावर विकलं जायचं, मग ते गेलेलं वजन भरून काढायला कथिलाचे क्षार रेशमात मुरवायचे, क्लोराइड, मग फॉस्फेट, मग सिलिकेट, आणि गेलेलं वजन भरून निघाल्यावरही थांबायचे नाहीत, मूळ वजनाच्या पुढे जायचे. कापड जड पडायचं, घोळदार दिसायचं, गिऱ्हाईक खूश. पण ही क्षारांनी भरलेली रेशमं टिकत नाहीत. परदेशातल्या संग्रहालयांत त्या काळचे झगे बघितले तर घडीच्या रेषेवर उभ्या चिरा गेलेल्या असतात, हात लावला की भुगा होतो, 'शॅटर्ड सिल्क' म्हणतात त्याला. त्याआधीच्या शतकातलं, वजन न दिलेलं रेशीम शेजारीच धडधाकट असतं.

हे इथे लिहायचं कारण म्हणजे बऱ्याच ठिकाणी ही दोन कामं एकत्र करून टाकतात, कथिलामुळे आवाज यायचा असं सांगतात. तसं नाही. आवाज ॲसिडच्या फिनिशचा, कथिल वजनाचं. स्क्रूपने रेशमाचं काही बिघडत नाही, वजन देण्याने बिघडतं. तुमच्या नोट्समधे ही दोन कामं वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा ही कळकळीची विनंती, मुलांच्या डोक्यात एकदा गोंधळ बसला की निघत नाही.

भंडाऱ्याहून:

कोसा म्हणजे टसर रेशमाचं काय? आमच्या भंडारा-गडचिरोलीकडच्या टसरला हा स्क्रूप असतो का, की फक्त तुतीच्या रेशमालाच? आमच्याकडचा कोसा हाताला आधीच जरा कडक लागते.

रंगसाळ:

@भंडाऱ्याहून टसरचा कडकपणा आणि स्क्रूप या दोन वेगळ्या गोष्टी. टसरचा तंतू जाड आणि चपटा असतो, फितीसारखा, त्यामुळे तो जात्याच भरड लागतो, आणि त्याचा गोंदही चिवट असतो, नुसत्या साबणाने निघत नाही, सोडा लागतो. ॲसिडने त्यालाही थोडाफार आवाज येईल पण टसर घेणारा माणूस त्यासाठी घेतच नाही, त्याला तो भरड पोत आणि मधासारखा रंग हवा असतो. स्क्रूपचं कौतुक मुख्यतः तुतीच्या रेशमात.

धागादोरा:

जवळजवळ सगळं मिळालं. मी असं ठरवतेय, पाठात 'स्क्रूप' हा शब्द तसाच ठेवते कारण पुढे ही मुलं रंगाईच्या युनिटमधे गेली की तिथे हाच शब्द कानावर येणार, आणि पहिल्यांदा येतो तिथे लिहिते, 'रेशमाची लड मुठीत दाबली की होणारी कोरडी कुरकुर आणि हाताला लागणारी तिची पकड, ॲसिडच्या फिनिशने येते, साबणाने जाते, कोणी याला रेशमाचं वाजणं म्हणतात'. चालेल का?

आणि एक घरगुती शंका, आईची एक साधी रेशमी साडी धुऊन धुऊन अगदी मऊ झालीय, शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घातलं तर आवाज परत येईल का?

शब्दखुणा:

व्याख्या उत्तम. 'हाताला लागणारी पकड' हे फार चांगलं आलंय, ते काढू नका. फक्त 'कुरकुर'च्या आधी कोरडी हे राहू द्या, नाहीतर पोरं तक्रारीची कुरकुर समजतील.

माहेर_येवला:

वाजणं घेतलंत, बरं वाटलं.

रंगसाळ:

चालेल. व्हिनेगरचं म्हणाल तर साबण पूर्ण निघेपर्यंत आधी साध्या पाण्यात खळबळून घ्या, मग बादलीभर गार पाण्यात साधं पांढरं व्हिनेगर, लिटरला एखादा चमचा पुरे, त्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, पिळा नको, टॉवेलमधे दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा, उन्हात रेशीम पिवळं पडतं. आवाज थोडा येईल, नव्यासारखा कदाचित नाही. आधी आतल्या बाजूला कोपऱ्यावर करून बघा रंग सुटतोय का.

पण हे जरीच्या साडीला अजिबात करू नका. जरीत तांबं किंवा चांदी असते, हल्लीच्या बऱ्याच जरीत तांबंच, आणि ॲसिडने ती काळवंडते. पैठणी असेल तर ड्रायक्लीनलाच द्या.

धागादोरा:

तिला जरीचं काही नाहीये, नुसता रेशमी काठ आहे. रविवारी करून बघते आणि मुलांनाही एक लड साबणातून, एक ॲसिडमधून काढून शेजारी शेजारी देते. @जुनी_ट्रंक कथिलाचा भाग वेगळ्या पानावर घेतलाय.